कागदाचा एक कोपरा काळवंडलेला येतो तेव्हा: गिम्पमध्ये पार्श्वभूमीचा उजेड सारखा करण्याची पद्धत

घरातलं जुनं पत्र, पोथीचं पान, मोडी लिपीतला कागद किंवा सातबाऱ्याचा पिवळा पडलेला उतारा मोबाइलवर टिपला, की एक बाजू बहुधा काळवंडलेली येते. खिडकीकडची कड पांढरीशुभ्र, पलीकडची राखाडी, आणि मधे कुठेतरी फोनची किंवा हाताची सावली. मग पहिला हात ब्राइटनेसच्या पट्टीवर जातो. राखाडी कोपरा थोडा उजळतो, पण खिडकीकडची फिकट अक्षरं उडून जातात. कॉन्ट्रास्ट वाढवून पाहिला तर काळवंडलेला कोपरा पार काळा होतो. या दोन्ही पट्ट्या अख्ख्या फोटोला एकच मात्रा देतात. उजेड मात्र जागोजागी वेगळा पडलेला असतो, म्हणून उपायही जागोजागी वेगळ्या प्रमाणात व्हायला हवा.

हे काम गिम्प या मोफत सॉफ्टवेअरमध्ये चांगलं होतं. ते विंडोज, लिनक्स आणि मॅक तिन्हींवर चालतं. खालच्या पायऱ्या 2.10 आणि त्यापुढच्या आवृत्त्यांसाठी आहेत. फोटोशॉप किंवा ब्राउझरमध्ये चालणारं फोटोपी वापरणाऱ्यांनाही तत्त्व हेच लागू पडतं, मेनूची नावं तेवढी थोडी वेगळी असतात. आधी कागदपत्रांचं पाहू, कारण नवशिक्याला तिथे सगळ्यात लवकर यश येतं. वस्तूंचे आणि माणसांचे फोटो त्यानंतर.

भागाकारच का

कॅमेऱ्यात जे उमटतं तो एक गुणाकार असतो: कागद किती उजेड परत फेकतो, गुणिले त्या जागी किती उजेड पडला. समजा, खिडकीजवळच्या कोऱ्या कागदाच्या उजळपणाचा आकडा (0 म्हणजे पूर्ण काळं, 255 म्हणजे पूर्ण पांढरं) 220 आणि तिथल्या शाईचा 60 आला. पलीकडच्या कडेला निम्माच उजेड पोचतो, म्हणून तिथे कागद 110 आणि शाई 30. सोयीसाठी हे आकडे प्रकाशाच्या थेट प्रमाणातले धरू. आता शाईला त्याच जागच्या कागदाने भागा. 60 भागिले 220 म्हणजे 0.27, आणि 30 भागिले 110 म्हणजेही 0.27. दोन्हीकडची शाई एकसारखी झाली, आणि कागद दोन्हीकडे 1, म्हणजे पूर्ण पांढरा. हेच वजाबाकीने करू गेलात तर एकीकडे 160 उरतात आणि दुसरीकडे 80. म्हणून सावली वजा करून जात नाही, तिला भागावं लागतं.

सगळी पद्धत एवढीच आहे. फोटोतून फक्त उजेडाचा नकाशा वेगळा काढायचा आणि मूळ फोटोला त्याने भागायचं. भागाकार सॉफ्टवेअर क्षणात करतं. कौशल्य लागतं ते नकाशा नीट काढायला, आणि नवशिक्यांच्या बहुतेक चुकाही तिथेच होतात.

आधी दुखणं किती आहे ते मोजा

डोळ्यावर विसंबू नका. उजेड हळूहळू उतरत गेला तर आपला मेंदू तो परस्पर दुरुस्त करून दाखवतो. एमआयटीतल्या एडवर्ड एडेलसन यांनी 1995 साली बुद्धिबळाच्या पटासारखं एक चित्र करून हे दाखवलं: सावलीतला पांढरा चौकोन आणि उजेडातला काळा चौकोन प्रत्यक्षात एकाच राखाडी रंगाचे असतात, तरी पाहणाऱ्याला ते वेगळेच वाटतात. फोटो दुरुस्त करताना आपलीही रोज अशीच फसगत होते.

मोजायच्या दोन सोप्या तऱ्हा आहेत. पहिली कलर पिकरची. कीबोर्डवर ओ दाबा, टूलच्या पर्यायांत सॅम्पल ॲव्हरेज सुरू करून त्रिज्या 10 ठेवा आणि माहितीची खिडकी उघडण्याचा पर्याय निवडा. सरासरी घेतल्यामुळे एखाद्याच चुकार ठिपक्यावर बोट पडून आकडा फसत नाही. त्या खिडकीत 0 ते 255 मधले आकडे दिसतील असा पर्याय घ्या आणि चार कोपरे व मध्य अशा पाच ठिकाणी कोऱ्या कागदावर क्लिक करा. पाचही आकडे कागदावर लिहून ठेवा. सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान आकड्यात 10 चा फरक असेल तर फारसं काही करावं लागणार नाही. 40–50 च्या पुढे फरक गेला की पुढची सगळी पद्धत लागेल.

दुसरी तऱ्हा बघायला फार छान आहे. कलर्स → पोस्टराइझ उघडा आणि लेव्हल्स 8 वर ठेवा. गुळगुळीत उतार पायऱ्या-पायऱ्यांचा होतो आणि उजेड कुठून कुठे ओसरला ते सह्याद्रीच्या नकाशावरच्या समोच्च रेषांसारखं पानावर उमटतं. खिडकीकडून आलेला उतार सरळ पट्ट्यांत दिसतो, लेन्समुळे आलेली काळोखी वर्तुळांत, आणि फोनची सावली मधेच एखाद्या तुटक ठिगळासारखी. पाहून झालं की कॅन्सल करा. हे फक्त निदान आहे, यातलं काहीही फोटोवर राहता कामा नये.

दुरुस्तीच्या पायऱ्या

1. पान छाटून सरळ करा. क्रॉप टूल शिफ्ट+सी ने मिळतं. पान तिरकं आलं असेल तर शिफ्ट+पी ने पर्स्पेक्टिव्ह टूल घेऊन चारही कोपरे ओढून चौकटीत बसवा. ही पायरी टाळू नका. पानाबाहेरचं काळं टेबल किंवा फुलाफुलांची चादर फोटोत राहिली, तर नकाशा काढताना तिचा गडदपणा पानाच्या कडेत पाझरतो आणि भागाकारानंतर कडेने जळाल्यासारखी पांढरी पट्टी येते. कडेला दोन-चार पिक्सेल टेबल राहण्यापेक्षा पानाची तेवढी कोरी कड गेली तरी चालेल. कडेपर्यंत मजकूर असेल तर मात्र आधी टेबलाच्या जागी कागदाचा रंग क्लोन टूलने भरून घ्या.

2. इमेज → प्रिसिजन मध्ये जाऊन 16 बिट इंटिजर निवडा. मोबाइलची जेपीजी फाइल 8 बिटांची असते, म्हणजे प्रत्येक रंगाच्या 256 पायऱ्या. भागाकाराने अंधारी बाजू ताणली जाते तेव्हा या पायऱ्यांमध्ये फटी पडतात आणि कोऱ्या कागदावर पट्टे दिसू लागतात. 16 बिटांमुळे मूळ फोटोत नसलेला तपशील परत येत नाही, पण पुढच्या प्रत्येक पायरीला होणारी नवी मोडतोड टळते.

3. शिफ्ट+कंट्रोल+डी दाबून लेयरची, म्हणजे फोटोच्या थराची, प्रत करा. वरच्या लेयरला ‘उजेड’ असं नाव द्या. लेयर दोनच असले तरी नाव द्याच, नाहीतर फिल्टर चुकून खालच्या मूळ फोटोवर चढतो.

4. ‘उजेड’ लेयर निवडलेला असताना फिल्टर्स → ब्लर → मीडियन ब्लर उघडा. रेडियस 40 आणि पर्सेंटाइल 80 ठेवा. अक्षरं विरघळून जातील आणि फक्त कागद व सावल्या उरतील. मोठ्या फोटोवर याला वेळ लागतो. संगणक अडकला असं समजून बंद करू नका.

5. आता फिल्टर्स → ब्लर → गॉशियन ब्लर. साइझ एक्स आणि साइझ वाय दोन्ही 30. मीडियनमुळे राहिलेले चट्टे यात मऊ होतात.

6. लेयर्सच्या खिडकीत वर मोडची, म्हणजे वरचा लेयर खालच्याशी कसा मिसळायचा याची, यादी असते. त्यात नॉर्मलऐवजी डिव्हाइड निवडा. पान एका क्षणात सारखं पांढरं होतं.

7. कलर पिकरने पुन्हा त्याच पाच जागी मोजा. या वेळी टूलच्या पर्यायांतलं सॅम्पल मर्ज्ड सुरू करा, नाहीतर ते निवडलेल्या एकाच लेयरचा आकडा दाखवेल. पाचही ठिकाणी 245 च्या वर आकडे आले की नकाशा जमला.

8. समाधान झाल्यावर इमेज → फ्लॅटन इमेज करून लेव्हल्सकडे वळा. त्याबद्दल पुढे.

3.0 आवृत्तीत एक मोठी सोय झाली आहे. तिथे फिल्टर लेयरवर वेगळा राहतो आणि लेयरच्या नावाशेजारी एफएक्सची खूण दिसते. त्या खुणेवर क्लिक करून मीडियनची त्रिज्या नंतरही बदलता येते, डिव्हाइड चालू असतानाच. नकाशा कमी-जास्त झाला तर पान कसं बदलतं ते समोरच दिसतं, म्हणून शिकणाऱ्याने शक्य असेल तर हीच आवृत्ती घ्यावी.

40 आणि 80 हे आकडे आले कुठून

ते पाठ करण्यापेक्षा समजून घेतलेले बरे, कारण प्रत्येक फोटोला ते थोडे बदलावे लागतात.

मीडियन ब्लर प्रत्येक ठिपक्याभोवती एक गोल खिडकी धरतं, तिच्यातले सगळे ठिपके गडदपासून उजळापर्यंत रांगेत लावतं आणि रांगेतला एक निवडतं. पर्सेंटाइल 50 असेल तर मधला, 80 असेल तर उजळ टोकाकडचा. आपल्याला कागद हवा आहे आणि कागद शाईपेक्षा उजळ असतो, म्हणून 80. याचा फायदा असा, की खिडकीतला एक-पंचमांशापेक्षा थोडा जास्त भाग कोरा कागद असला तरी नकाशात कागदच येतो. दाट छापलेल्या पानावर किंवा जाड बोरूने लिहिलेल्या मोडी ओळींवरही तेवढा कागद ओळींच्या मधून मिळतोच. 100 वर मात्र नेऊ नका. मग एखादा चकाकणारा ठिपका किंवा धुळीचा कणही रांगेच्या उजळ टोकाला येऊन नकाशात बसतो.

त्रिज्येचा हिशेब अक्षराच्या उंचीवरून करा. फोटो 100 टक्क्यांवर मोठा करा आणि मेझर टूलने शिरोरेषेपासून काना संपेपर्यंतचं अंतर मोजा. ते 40 पिक्सेल असेल तर त्रिज्या 40 पासून सुरुवात करा. 12 मेगापिक्सेलच्या फोटोत, म्हणजे साधारण 4000 बाय 3000 पिक्सेलमध्ये, ए-फोर आकाराचं छापील पान पूर्ण चौकटीत घेतलं तर आकडा याच्या आसपास येतो. फोटो लहान असेल तर त्रिज्याही लहान.

त्रिज्या फार कमी झाली तर काय होतं ते एकदा मुद्दाम करून पाहा: 5 ठेवा. जाड अक्षरांच्या पोटातली शाई नकाशात तशीच राहते, आणि शाई भागिले शाई म्हणजे पुन्हा 1, म्हणजे पांढरं. शीर्षकातला ‘श्री’ आतून पोकळ होतो, नुसती बाह्यरेखा उरते. पोकळ अक्षरं दिसली की समजायचं, त्रिज्या वाढवायची आहे. उलट त्रिज्या आणि गॉशियन दोन्ही फार मोठे झाले तर लहान सावल्या नकाशात येतच नाहीत आणि भागाकारानंतरही पानावर राखाडी ढग राहतात. योग्य आकडा या दोहोंच्या मधे असतो: अक्षरापेक्षा मोठा, सावलीपेक्षा लहान.

नकाशा तपासायची एक खात्रीची रीत: डिव्हाइड लावण्याआधी, मोड नॉर्मल असताना ‘उजेड’ लेयर नीट न्याहाळा. त्यात कुठेही अक्षराचा मागमूस राहता कामा नये. रिकामा कागद जसा त्या टेबलावर, त्या उजेडात दिसला असता, तसाच तो दिसायला हवा. ओळींच्या जागी पुसट करडे पट्टे दिसत असतील तर पर्सेंटाइल 85–90 पर्यंत चढवा.

हमखास अडणाऱ्या जागा

शिक्का, छापील चित्र, स्टॅम्पपेपरवरची गडद मुद्रा, पानात चिकटवलेला फोटो. हे सगळे खिडकीपेक्षा मोठे असतात. नकाशाला ते सावलीच वाटतात, म्हणून भागाकारात तेही पांढरे पडतात. जुन्या दस्तऐवजात शिक्का फिका पडणं म्हणजे पुरावाच पुसणं, तेव्हा इथे घाई करू नका. डिव्हाइड लावण्याआधी, मीडियननंतर आणि गॉशियनच्या आधी, ‘उजेड’ लेयरवर लॅसोने (फ्री सिलेक्ट टूलने) त्या चित्राभोवती सैल वेढा घाला आणि आत शेजारच्या कागदाचा रंग भरा. वरची बाजू उजळ आणि खालची गडद असेल तर ग्रेडियंट टूलने वरच्या कागदाच्या रंगापासून खालच्या कागदाच्या रंगापर्यंत उतार ओढा. मग निवड काढून गॉशियन द्या. नकाशात आता तिथे कोरा कागद आहे, त्यामुळे शिक्का शाबूत राहतो.

फोनची धारदार सावली हा दुसरा प्रकार. गॉशियन तिची कड पसरवतो, आणि भागल्यावर सावलीच्या सीमेवर एक उजळ व एक गडद अशी जोडरेघ राहते. मीडियन कड शाबूत ठेवतो, म्हणून अशा फोटोला गॉशियन 30 ऐवजी 5–8 च द्या. रेघ पूर्ण जात नाहीच, पण वाचण्याइतकं पान मिळतं. खरं तर असा फोटो पुन्हा काढता येत असेल तर पुन्हा काढावा.

पुस्तकाच्या शिवणीजवळची काळी घळ. तिथे पान वळलेलं असतं आणि उजेड फार थोड्या अंतरात ओसरतो. दोन्ही पानं एकदम दुरुस्त करू नका. फोटो शिवणीवर कापून डावं-उजवं पान वेगळं करा आणि शिवणीच्या बाजूला त्रिज्या कमी ठेवून पाहा.

लॅमिनेशनवरची चकाकी या पद्धतीने जात नाही. ती कागदावरून आलेला उजेड नसून वरच्या प्लॅस्टिकने फेकलेला आगंतुक उजेड आहे. तो गुणाकारात नसतो, वरून मिसळलेला असतो, आणि जिथे आकडा 255 ला टेकला तिथे खालचं अक्षर फाइलमध्ये उरलेलंच नसतं. दिवा हलवून दुसरा फोटो घेणं एवढाच इलाज आहे.

मागच्या पानाची शाई पुढे दिसते तीही भागाकाराने जात नाही, कारण ती अक्षरांइतकीच बारीक असते. फोटो काढतानाच पातळ पानामागे काळा कार्डशीट सरकवला की ती बरीच कमी होते. कागद थोडा करडा दिसेल, पण तो करडेपणा सगळीकडे सारखा असतो आणि भागाकारात निघून जातो.

लेव्हल्स आणि कागदाचा रंग

फ्लॅटन केल्यावर कलर्स → लेव्हल्स. 16 बिटच्या फोटोत इथले आकडे 0 ते 100 असे दिसतात, 8 बिटमध्ये 0 ते 255. हा फरक लक्षात नसला की नवशिका गोंधळतो. उजवा पांढरा त्रिकोण 96 च्या आसपास आणा, म्हणजे कागदाचा उरलासुरला खरखरीतपणा पांढऱ्यात विरतो. डावा काळा त्रिकोण 25 ते 35 च्या दरम्यान, शाई किती उतरली आहे त्यावर. फिक्या निळ्या शाईच्या पत्राला पांढरा त्रिकोण 96 च्या खाली नेऊ नका. वेलांट्यांची बारीक टोकं आणि अनुस्वार सर्वांत आधी जातात. एखाद्या ओळीतला अनुस्वार 200 टक्क्यांवर डोळ्यासमोर ठेवून त्रिकोण सरकवा. तो विरायला लागला की दोन पावलं मागे या.

भागाकार तांबडा, हिरवा, निळा या तिन्ही रंगांत वेगवेगळा होतो. त्यामुळे एका बाजूला खिडकीचा निळसर उजेड आणि दुसरीकडे बल्बचा पिवळा, हे मिश्रणही आपोआप सुटतं. पण त्याच कारणाने जुन्या कागदाचा पिवळेपणाही जातो. वाचनासाठी ते चांगलंच. दस्तऐवज जसा आहे तसा जपायचा असेल तर तो रंग परत द्यायला हवा. दुरुस्तीआधीच्या फोटोत सर्वांत चांगल्या उजेडातल्या कोऱ्या कागदावरून कलर पिकरने रंग उचला, नवा लेयर घेऊन तो त्या रंगाने भरा आणि मोड मल्टिप्लाय करा. अख्ख्या पानाला एकसारखा जुना रंग येतो, सावली मात्र परत येत नाही. हा लेयर वेगळा ठेवला तर वाचायची आणि जपायची अशा दोन्ही प्रती एकाच फाइलमधून निघतात.

वस्तू किंवा माणूस मधे असेल तर

पांढऱ्या कार्डशीटवर मातीचं भांडं, दागिना किंवा मसाल्याची बरणी ठेवून काढलेल्या फोटोला वरची पद्धत लावू नका. वस्तू कुठल्याही खिडकीपेक्षा मोठी असते आणि भागाकारात तीच फिकी पडते. इथे उतार हाताने तयार करायचा.

समजा डावीकडे कार्डशीट 235 आणि उजवीकडे 180 आहे. फोटो 8 बिटमध्येच ठेवला आहे असं धरू. लेयरची प्रत करा, वरच्या प्रतीवर लेव्हल्स उघडा आणि पांढरा त्रिकोण 195 वर आणा. हिशेब असा: 180 गुणिले 255 भागिले 195 म्हणजे 235. उजवी बाजू डावीइतकी झाली, डावी मात्र भगभगीत पांढरी. आता या प्रतीवर लेयर → मास्क मधून पूर्ण काळा मास्क लावा. मास्क काळा असतो तिथे लेयर लपतो, पांढरा असतो तिथे दिसतो. ती अदृश्य होईल. मास्क निवडलेला असताना जी दाबून ग्रेडियंट टूल घ्या, काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतचा उतार डावीकडून उजवीकडे ओढा. जिथे फोटोतला उजेड ओसरायला सुरुवात होते तिथून ओढायचा, चौकटीच्या कडेपासून नव्हे. ती जागा पोस्टराइझमध्ये आधीच दिसलेली असते.

वस्तू मास्कमधून वगळायची का, याचा विचार करून निर्णय घ्या. उजव्या बाजूला कमी उजेड कार्डशीटवर पडला तसा वस्तूवरही पडला होता. म्हणून पूर्ण वगळली तर वस्तूची कड पार्श्वभूमीशी जुळत नाही, कापून चिकटवल्यासारखी दिसते. पूर्ण घेतली तर गोल भांड्याची गोलाई सपाट होते, कारण ती गोलाई त्याच छायेमुळे दिसत होती. भांड्यावर मऊ कडेच्या मोठ्या ब्रशने, 50 टक्के ओपॅसिटीने मास्कवर काळा रंग एकदा फिरवणं हा मधला मार्ग बहुतेक वेळा बरोबर बसतो. चकाकत्या स्टीलच्या आणि चांदीच्या वस्तूंवर 195 च्या वरचं सगळं पांढरं होऊन जातं, तिथे वगळण्याचं प्रमाण वाढवा.

ॲमेझॉनवर विक्रीच्या मुख्य फोटोला पार्श्वभूमी 255, 255, 255 अशी शुद्ध पांढरी लागते. आधी उतार सारखा करून घेतला की शेवटच्या लेव्हल्समध्ये पांढरा त्रिकोण पार्श्वभूमीच्या सर्वांत कमी आकड्यावर, उदाहरणार्थ 228 वर आणला की काम होतं. वस्तूच्या बुडाखालची पातळ सावली राहू द्या. ती गेली तर बरणी हवेत तरंगते.

माणसाच्या मागच्या भिंतीलाही हीच रीत चालते, पण केसांच्या कडेला मास्कचा ब्रश खूप मोठा आणि मऊ ठेवा. केसांभोवती उजळ वलय दिसलं की फोटो दुरुस्त केल्याचं कुणालाही कळतं.

चारही कोपरे सारखेच काळवंडले असतील तर तो लेन्सचा दोष असतो. साध्या लेन्सच्या नियमाप्रमाणे मध्यापासून 30 अंश कलून येणारा उजेड 56 टक्क्यांपर्यंत उतरतो. त्यासाठी फिल्टर्स → डिस्टॉर्ट्स → लेन्स डिस्टॉर्शन मधली ब्राइटनची पट्टी पुरते.

फोटो काढतानाच अर्धं काम

टेबल लॅम्प पानाच्या जवळच्या कडेपासून 50 सेंटीमीटरवर आणि पान 30 सेंटीमीटर रुंद असेल, तर लांबची कड 80 सेंटीमीटरवर येते. उजेड अंतराच्या वर्गाने कमी होतो, म्हणून लांबच्या कडेला फक्त 39 टक्के पोचतो. तोच दिवा 150 सेंटीमीटरवर नेला की लांबच्या कडेला 69 टक्के मिळतात. एकूण उजेड कमी होतो, पण फोन टेकवून किंवा स्टँडवर ठेवून काढला तर तो प्रश्न राहत नाही. खिडकीजवळ काढत असाल तर पानाच्या दुसऱ्या बाजूला पांढऱ्या थर्माकोलचा तुकडा उभा करा. एवढ्यानेच सावलीची बाजू डोळ्यांना जाणवेल इतकी उजळते.

एकाच पुस्तकाची 200 पानं टिपायची असतील तर प्रत्येक पानाचा नकाशा काढत बसू नका. फोन आणि दिवे जागेवर पक्के करा, स्क्रीनवर बोट दाबून धरून एक्स्पोजर लॉक करा आणि पहिल्यांदा एका कोऱ्या पांढऱ्या कागदाचा फोटो घ्या. तोच उजेडाचा खरा नकाशा. दुर्बिणीने आकाशाचे आणि सूक्ष्मदर्शकातून फोटो घेणारे लोक हेच करतात. हा फोटो गॉशियन 20 ने मऊ करून प्रत्येक पानावर डिव्हाइड मोडमध्ये ठेवला की शिक्के, चित्रं, जाड शीर्षकं कशालाच धक्का लागत नाही, कारण या नकाशात शाई कधी आलेलीच नसते. अट एकच: मधे फोन किंवा दिवा हलला, किंवा ढग येऊन खिडकीचा उजेड बदलला, तर कोऱ्या कागदाचा फोटो नव्याने घ्यायचा. दर 20–25 पानांनी एक घेत गेलात तर बिघाड झालाच तरी तो तेवढ्या पानांपुरता राहतो.

जतन करताना

लेयरसकट फाइल एक्ससीएफ या गिम्पच्या स्वतःच्या प्रकारात ठेवा. वाचायची प्रत शिफ्ट+कंट्रोल+ई ने पीएनजीमध्ये काढा. अक्षरांच्या कडेला जेपीजी जी भुरभुर करतं ती पीएनजीत येत नाही. व्हॉट्सॲपवर पाठवायची असेल तर जेपीजी 90 क्वालिटीने पुरे, आणि फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर तिथे ती पुन्हा आकसते. वस्तूंच्या फोटोत उतारावर पट्टे दिसलेच, तर एक्स्पोर्टच्या आधी फिल्टर्स → नॉइझ → आरजीबी नॉइझ अगदी किंचित द्या: 100 टक्क्यांवर पाहिल्यावर दाणे जेमतेम जाणवावेत, आणि पूर्ण फोटो पडद्यावर मावेल इतका लहान केल्यावर पट्टे दिसेनासे व्हावेत.